डोमकळीमागचा पतंग

भुसावळकडे विहिरीच्या पाण्यावर मेअखेरीस लावलेल्या कपाशीला पात्या-फुलं लवकर येतात, आणि गुलाबी बोंडअळीच्या पतंगाचंही तिथे लवकर फावतं. पतंग जेमतेम सेंटिमीटरभर, करडा-तपकिरी, पंखांवर गडद डाग. दिवसा दडतो, म्हणून दिसतच नाही. त्याला कामगंध सापळ्यातच पाहावं. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली.

पतंगाच्या अंड्यातून चार-पाच दिवसांत पांढुरकी अळी निघते, वाढताना गुलाबी होते. फुलात शिरून पाकळ्या जाळ्याने बांधते. न उमललेली ही गुलाबासारखी डोमकळी तोडून नष्ट करावी. बोंडात शिरली की फवारा पोचत नाही. महिन्याभरात पुढची पिढी! हंगाम संपल्यावरही पीक शेतात राखण्याचा, म्हणजे फरदडीचा, मोह मात्र महागात पडतो: हंगामाअखेरच्या अळ्या सरकीत सुप्तावस्थेत राहतात.