वाळवंटातील सोरा आणि एक झडप

लिथियमला ‘पांढरे सोने’ म्हणण्याची रूढी अलीकडे पडली आहे, आणि त्या अनुषंगाने एका वाचकाने विचारले आहे की, या धातूचा एवढा प्रचंड साठा ज्याच्या पदरी आहे त्या चिली देशाची ददात आता कायमची मिटली असे समजावे काय. या प्रश्नाचे उत्तर मी लिथियमच्या आकड्यांत शोधण्याऐवजी त्याच देशातील अटाकामा वाळवंटाच्या पूर्वेतिहासात शोधणार आहे. कारण हीच उपाधी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी याच वाळवंटातील दुसऱ्या एका क्षाराला लाभली होती, आणि त्या क्षाराचे भवितव्य त्याच्या खाणींत ठरले नाही.

तो क्षार म्हणजे सोरा. आपल्याकडे बिहारात नोनिया लोक जुन्या वस्त्यांच्या मातीतून काढीत तो पोटॅशियमचा, तर अटाकामातील हा सोडियमचा. नायट्रेट पाण्यात इतके सहज विरघळते की, जेथे चार पावसाळे धड झाले तेथे त्याचा थर टिकणे अशक्य; परंतु अटाकामात काही ठिकाणी वर्षानुवर्षे थेंब पडत नाही, आणि म्हणून वातावरणात निर्माण होऊन धुळीबरोबर कणाकणाने खाली बसलेले नायट्रेट तेथे लक्षावधी वर्षे साचत गेले. हे बहुतांशी हवेतून आले याची साक्ष त्यातील ऑक्सिजनच्या समस्थानिकांनी दिली आहे. आकाशाने कण-कण साठविलेली ही ठेव खते आणि दारूगोळा या दोन गरजांपायी जगाने शतकभर उपसली! बोलिव्हियाने 1878 साली क्विंटलमागे दहा सेंटावोंचा कर बसविला, त्या निमित्ताने पुढच्याच वर्षी युद्ध पेटले, आणि त्याच्या अखेरीस पेरू व बोलिव्हिया यांचा सोऱ्याचा सारा मुलूख चिलीच्या ताब्यात आला. बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला तो कायमचा.

कालिचे नावाच्या त्या दगडातून सोरा वेगळा काढण्याची जी रीत जेम्स हम्बरस्टन या इंग्रज रसायनज्ञाने 1870 च्या दशकात तेथे रुळविली, ती मला फार आवडते. टाक्यांची एक रांग असे. ताजे पाणी प्रथम जवळजवळ निःसत्त्व झालेल्या दगडावर सोडीत, तेथून ते क्रमाक्रमाने अधिकाधिक कसदार दगडावर नेत, आणि सर्वांत दाट झालेले द्रावण सर्वांत नव्या दगडाला भिडे. चहाच्या पातेल्यांची रांग लावून पाणी आधी कालच्या चोथ्यावर, मग सकाळच्या चोथ्यावर आणि शेवटी कोऱ्या पत्तीवर घातले, तर पत्तीतला अर्क जसा कणभरही वाया जाणार नाही, तसाच हा प्रकार. पुढे ते उकळते द्रावण निवले की, खडीसाखर धरावी तसा सोरा तळाशी धरे, आणि मीठ मात्र बरेचसे द्रावणातच राही. कारण उष्णतेबरोबर सोऱ्याची विद्राव्यता झपाट्याने बदलते, मिठाची फारशी बदलत नाही.

1913 च्या सुमारास चिली वर्षाला पंचवीस लाख टनांहून अधिक सोरा परदेशी धाडीत होता, आणि त्यावरील निर्यात जकातीतून सरकारच्या सामान्य महसुलाचा जवळजवळ निम्मा भाग येत होता. ज्यांच्या श्रमांवर ही तिजोरी भरे त्या मजुरांना मात्र रोख नाण्यांऐवजी मालकाच्याच दुकानात चालणारे बिल्ले मिळत. आणि 1907 च्या डिसेंबरात इकिके येथे एका शाळेत गोळा झालेल्या संपकऱ्यांवर, त्यांच्या बायकामुलांसकट, लष्कराने गोळीबार केला. सोऱ्याचा हिशेब मांडताना ही नोंद गाळता येत नाही.

1898 साली ब्रिस्टल येथील भाषणात सर विल्यम क्रुक्स यांनी इशारा दिला होता की, सोऱ्याचे साठे संपुष्टात येतील आणि गहू खाणाऱ्या लोकांवर उपासमारीची पाळी येईल. हवेतील नायट्रोजन बांधून काढणे हाच त्यावर तरणोपाय. साठे संपण्याची वाट जगाला पाहावी लागली नाही. 2 जुलै 1909 रोजी कार्लसरूहे येथे फ्रिट्झ हाबर यांनी बीएएसएफ कंपनीच्या मंडळींपुढे नायट्रोजन व हायड्रोजन यांच्यापासून अमोनिया करून दाखविला. प्रयोगाच्या आरंभीच यंत्राचा एक बोल्ट निखळला आणि दुरुस्तीला काही तास लागले. तोवर त्या मंडळींपैकी कार्ल बॉश निघून गेले होते, आणि मागे थांबलेल्या मिटाश यांनी अमोनिया प्रत्यक्ष उतरताना पाहिला. या कथेत ज्याचे नाव सहसा येत नाही त्या माणसाविषयी मला आवर्जून लिहावयाचे आहे. जर्सी बेटावरचा रॉबर्ट ल रॉसिन्योल हा हाबर यांचा तरुण सहकारी. पावणेदोनशे वातावरणांच्या दाबाखाली तापलेला वायू गळू न देता फिरवीत ठेवणारे ते यंत्र, आणि त्यातील ती नाजूक, अचूक झडप, ही त्याची निर्मिती. समीकरण कागदावर कितीही निर्दोष असले, तरी झडप गळत असती तर अमोनिया मिळता ना. हाबर यांनी त्याला पेटंटच्या उत्पन्नात वाटा दिला, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. परंतु 1918 चे नोबेल पारितोषिक एकट्या हाबर यांना मिळाले, आणि ल रॉसिन्योल तर महायुद्धाच्या काळात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून जर्मनीत स्थानबद्धतेत पडला होता.

1913 साली जर्मनीत ओपाऊ येथे अशा अमोनियाचा कारखाना सुरू झाला, आणि युद्धोत्तर काळात तसे कारखाने देशोदेशी उभे राहिल्यावर चिलीचा सोरा महाग ठरू लागला. जागतिक मंदीत सर्वाधिक होरपळलेला देश म्हणून राष्ट्रसंघाच्या पाहणीने चिलीचेच नाव घेतले. वाळवंटातील हम्बरस्टनची वसाहत, तिची नाट्यगृहाची इमारत, गंजलेली यंत्रे, हे सारे आज जागतिक वारसा म्हणून जतन होत आहे. जमिनीत सोरा शिल्लक असतानाच ती ओस पडली.

सोऱ्याची जागा तांब्याने घेतली. जगातील तांब्याचा सुमारे चौथा हिस्सा आज चिलीच्या खाणींतून निघतो. 1971 साली मोठ्या खाणींच्या राष्ट्रीयीकरणास तेथील संसदेने एकमताने मंजुरी दिली. परंतु मला अधिक मोलाचा वाटतो तो 2001 सालापासूनचा एक साधा प्रशासकीय नियम. तांब्याचा आजचा भाव अंदाजपत्रकासाठी प्रमाण मानावयाचा नाही. स्वतंत्र तज्ज्ञांनी दीर्घ मुदतीचा भाव ठरवावा, खर्च त्या भावावर बेतावा, आणि तेजीतील वरकड उत्पन्न बाजूस ठेवावे. 2008 च्या मंदीत ही शिल्लक कामी आली.

आता लिथियम. त्याच वाळवंटातील मिठागराखालचे खारे पाणी उपसून, उघड्या तळ्यांत वर्षभराहून अधिक काळ उन्हाने आटवून ते काढतात, आणि ते काढणाऱ्या दोन प्रमुख कंपन्यांपैकी एक मुळात सोऱ्याच्याच धंद्यासाठी स्थापन झालेली आहे. 2022 च्या अखेरीस शिखर गाठलेला त्याचा भाव पुढील दोन वर्षांच्या आत पंचमांशाहूनही खाली आला, आणि सोडियमवर चालणाऱ्या बॅटऱ्यांचे प्रयोग आता कारखान्यांपर्यंत पोहोचले आहेत. सबब वाचकाच्या प्रश्नाला होकार देण्याचे धाडस मी करणार नाही.

जाता जाता एक गोष्ट. 1811 साली बर्नार कूर्त्वा नावाचा पॅरिसचा सोरा करणारा गृहस्थ समुद्रशैवालाच्या राखेवर काम करीत असता जांभळी वाफ उठली आणि आयोडीनचा शोध लागला. कालिचेतही आयोडीन असते, आणि सोरा काढून घेतल्यावर टाकीत उरणाऱ्या पाण्यात ते साचत जाते. आज जगातील निम्म्याहून अधिक आयोडीन चिलीतून येते, आपला देशही ते तेथून आणवितो, आणि आपल्या स्वयंपाकघरातील आयोडीनयुक्त मिठाच्या डब्यात अटाकामाचा तो अंश असण्याचा संभव बराच आहे.