प्राणिवर्तनाच्या अभ्यासातील ‘का?’

काळ्या डोक्याच्या कुरव पक्ष्याचे पिलू अंडे फोडून बाहेर पडले, की काही वेळाने आईबापांपैकी एकजण रिकामे कवच चोचीत धरतो आणि घरट्यापासून दूर नेऊन टाकतो. पक्षी असे का करतो, असे वर्गात विचारले असता ‘पिलांचे रक्षण व्हावे म्हणून’ असे उत्तर बहुधा येते. हे उत्तर चुकीचे नव्हे. परंतु ते नेमक्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे उत्तर देणाऱ्यास सहसा सांगता येत नाही. प्राणिवर्तनाच्या विद्यापीठीय अध्ययनाचा आरंभ या अडचणीपासूनच व्हावयास हवा.

ही अडचण स्पष्ट शब्दांत मांडण्याचे श्रेय निकोलास टिनबर्गन यांच्याकडे जाते. हॉलंडमधील लायडन विद्यापीठ सोडून ते 1949 साली ऑक्सफर्डला आले आणि तेथे त्यांनी प्राणिवर्तनाच्या संशोधनाची परंपरा निर्माण केली. 1963 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात त्यांनी दाखवून दिले, की ‘का?’ या एका शब्दात चार भिन्न प्रश्न दडलेले असतात. हे वर्तन या क्षणी कोणत्या बाह्य उद्दीपकामुळे व कोणत्या अंतर्गत यंत्रणेमुळे घडते, हा पहिला प्रश्न. प्राण्याच्या जगण्यास व प्रजोत्पादनास त्याचा काय उपयोग होतो, हा दुसरा. व्यक्तीच्या आयुष्यात ते कसे विकसित होते, त्यात उपजत भाग किती व अनुभवाचा भाग किती, हा तिसरा. आणि त्या जातीच्या इतिहासात ते कसे उत्क्रांत झाले, हा चौथा. यांपैकी तीन प्रश्न ज्युलियन हक्स्ली यांनी पूर्वीच सांगितले होते. विकासाच्या प्रश्नाची भर टिनबर्गन यांनी घातली.

‘रक्षणासाठी’ हे उत्तर दुसऱ्या प्रश्नाचे आहे. तथापि ते केवळ संभाव्य वाटते म्हणून मान्य करता येत नाही. त्याची परीक्षा घ्यावी लागते. कुरवाचे अंडे बाहेरून मातकट व ठिपकेदार असते, तर फुटलेल्या कवचाची आतील बाजू पांढरी असते. ही पांढरी बाजू भक्षकास दुरून दिसत असावी, अशी कल्पना होती. टिनबर्गन व त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील रेव्हनग्लास येथे अंडी वाळूच्या टेकड्यांत विखरून ठेवली आणि प्रत्येकाजवळ एक फुटके कवच निरनिराळ्या अंतरांवर मांडले. कवच 15 सेंटिमीटरवर असता 150 पैकी 63 अंडी भक्षकांनी नेली. 100 सेंटिमीटरवर असता 48, आणि 200 सेंटिमीटरवर असता 32. म्हणजे हे प्रमाण 42 टक्क्यांवरून 21 टक्क्यांवर आले. वर्षातून फार तर काही मिनिटांचे हे काम. परंतु त्यावर पिलांचे जगणे अवलंबून असू शकते, हे या आकड्यांवरून 1962 साली सिद्ध झाले.

येथेच एक नवी शंका उपस्थित होते. कवच इतके धोक्याचे असेल, तर पक्षी ते तत्काळ का नेत नाही? त्याचे कारण वसाहतीतच आढळते. नुकतेच जन्मलेले ओले पिलू शेजारचा कुरव सहज गिळू शकतो. ते वाळून त्याची पिसे फुलली, की गिळणे कठीण होते. कवच टाकण्यास गेलेला पक्षी तेवढा वेळ घरट्यास मुकतो. म्हणून वर्तनाचा उपयोग पाहताना त्याची किंमतही मोजावी लागते. उभ्या कड्यावर घरटे करणारा किटिवेक हा कुरव कवच नेतच नाही, हे एस्थर कलेन यांच्या 1957 सालच्या अभ्यासावरून कळते. तेथे भक्षकांचा उपद्रव फारच थोडा असतो. निकटच्या जातींतील अशा भेदांची तुलना हा उत्क्रांतीच्या प्रश्नाकडे जाण्याचा एक मार्ग होय.

इतके कळूनही पहिला प्रश्न शिल्लकच राहतो. पक्ष्यास ‘रक्षण’ ही कल्पना आहे, असे या प्रयोगावरून मुळीच ठरत नाही. तो कवचाचा रंग, आकार की पातळ कड यांपैकी कशास प्रतिसाद देतो, हे कृत्रिम नमुने घरट्यात ठेवूनच पाहावे लागते. उपयोगाचे उत्तर मिळाले म्हणजे कारणाचेही मिळाले, असे मानणे हाच या विषयातील सर्वांत सामान्य प्रमाद होय.

केवळ कारणाच्या प्रश्नाचा स्वतंत्र शोध कसा घेता येतो, याचे उदाहरण भारतातही आहे. मदुराई कामराज विद्यापीठातील मारिमुत्तु, राजन व चंद्रशेखरन यांनी गुहेत राहणाऱ्या एका वटवाघळाच्या जातीवर केलेले संशोधन 1981 साली प्रसिद्ध झाले. वटवाघळे सायंकाळी बाहेर का पडतात, याला ‘रात्री कीटक मिळतात म्हणून’ असे उत्तर देता येईल. पण गुहेच्या अखंड अंधारात सायंकाळ झाल्याचे त्यांस कसे कळते? संशोधकांनी गुहेतच वटवाघूळ पिंजऱ्यात ठेवले. मोकळे सोबती गुहेतून ये-जा करीत असता कैद्याच्या हालचालींची लय 24 तासांशी जुळून राहिली. सोबती नसलेल्या गुहेत मात्र ती स्वतःच्या गतीने सरकू लागली. अंतर्गत घड्याळ होतेच. त्याला रोज जुळवून घेणारी खूण सोबत्यांच्या येण्याजाण्यातून मिळत होती. कीटकांचे उत्तर यामुळे खोटे ठरत नाही. ते निराळ्या प्रश्नाचे उत्तर आहे, एवढेच.

पदव्युत्तर विद्यार्थ्यास यातून काही नियम घेता येतात. टिपणवहीत प्रथम जे दिसले तेच लिहावे. ‘घाबरला’ न लिहिता ‘मान खाली करून तीन पावले मागे सरकला’ असे लिहावे. नंतर चारांपैकी कोणता प्रश्न विचारावयाचा, ते ठरवून नोंदवावे. मग त्या प्रश्नास साजेसा पुरावा शोधावा. उपयोगासाठी जगल्या-मेल्याचा हिशेब, कारणासाठी उद्दीपकांत केलेला बदल, विकासासाठी वाढीच्या परिस्थितीवरील नियंत्रण, उत्क्रांतीसाठी जातींची तुलना. टिनबर्गन, लोरेंट्स व फॉन फ्रिश यांना 1973 साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा या शास्त्रास मान्यता लाभली. परंतु रेव्हनग्लासच्या प्रयोगास लागलेली सामग्री म्हणजे अंडी, फुटकी कवचे आणि मोजपट्टी. हिवाळ्यात हाच कुरव कोकणच्या किनाऱ्यावर येतो. तेथे तो घरटे करीत नाही व त्याचे डोकेही त्या काळात पांढरे असते. तरी त्याच्याविषयी विचारलेला प्रत्येक ‘का?’ तेथेही चार प्रकारेच विचारावा लागेल.