मुख्यालयी राहण्याची अट आणि कशेडीच्या पायथ्याची गावे

सरकारी कर्मचाऱ्याने नेमणुकीच्या ठिकाणी राहावे, ही महाराष्ट्रातील जुनी अपेक्षा आहे. सरकारी भाषेत तिला 'मुख्यालयी राहणे' म्हणतात. तलाठ्यासाठी मुख्यालय म्हणजे त्याची सजा, ग्रामसेवकासाठी ग्रामपंचायत, शिक्षकासाठी शाळेचे गाव आणि आरोग्यसेविकेसाठी उपकेंद्र. रायगड जिल्ह्यातील महाड आणि पोलादपूर तालुक्यांत या अपेक्षेला वेगळे वजन येते. येथील अनेक वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या आहेत. अतिवृष्टीत सावित्री नदी पात्राबाहेर येते, घाटात दरडी कोसळतात आणि तालुक्याच्या गावाशी संपर्क तुटतो. अशा वेळी गावात सरकारचा माणूस असणे किंवा नसणे याने मोठा फरक पडतो.

हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर उभा राहिला. त्याआधी कोकणातील बऱ्याच गावांत सारावसुली खोताच्या हाती होती आणि घाटावर गावचे दप्तर वतनदार कुलकर्ण्याकडे असे. ही व्यवस्था रयतेला जाचक होती, पण ती माणसे बहुधा त्या गावची किंवा पंचक्रोशीतली असत. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने रद्द झाली. पगारी आणि बदलीस पात्र तलाठी हाच सर्वत्र महसुली कारभाराचा पाया झाला. पुढे जिल्हा परिषदांमुळे शिक्षक, ग्रामसेवक आणि आरोग्य कर्मचारी गावोगाव पोहोचले. कारभार वंशपरंपरेतून सुटला, हा मोठा लाभ होता. मात्र बाहेरगावाहून आलेल्या कर्मचाऱ्याने राहायचे कोठे, हे प्रत्येक नेमणुकीबरोबर नव्याने ठरवावे लागले.

काही पदांसाठी शासनाने वेगळा मार्ग धरला. पोलीस पाटील, आशा आणि अंगणवाडी सेविका स्थानिक रहिवाशांतूनच निवडल्या जातात, त्यामुळे त्यांच्या बाबतीत मुख्यालयाचा वाद उद्भवत नाही. गावात रात्रंदिवस असणारी ही माणसे मानधनावर काम करतात. पंचनामा, दाखला, औषधोपचार किंवा मदतीचा आदेश यांचे अधिकार मात्र बहुतांशी पगारी आणि बाहेरून येणाऱ्या कर्मचाऱ्याकडे असतात. मुख्यालयी राहण्याच्या अटीमागचे खरे कारण या दरीत आहे.

अट घरभाडे भत्त्याशी जोडली गेल्यावर वाद चिघळला. सातव्या वेतन आयोगात ग्रामीण भागासाठी हा भत्ता मूळ वेतनाच्या ८ टक्क्यांपासून सुरू झाला. ग्रामविकास विभागाच्या ९ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने मुख्यालयी राहत असल्याचा ग्रामसभेचा ठराव आवश्यक ठरवला. २०२२ मध्ये गंगापूरचे आमदार प्रशांत बंब यांनी विधानसभेत शिक्षक मुख्यालयी न राहता भत्ता घेतात, हा मुद्दा लावून धरला. शिक्षक संघटनांनी त्याला मोर्चाने उत्तर दिले. राहण्याजोगी घरे नसताना अट पाळायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. शिवाय ज्या ग्रामसभेपुढे कर्मचाऱ्याला काम करायचे, तिच्याचकडून त्याने प्रमाणपत्र मागायचे असल्याने ठराव अनेकदा उपचार होऊन राहतो.

दरम्यान, करोनाकाळात हजेरीची कल्पनाच बदलली. एप्रिल २०२१ च्या निर्बंधांत राज्यातील बहुतेक सरकारी कार्यालये १५ टक्के उपस्थितीवर आली होती. केंद्र सरकारने ७ फेब्रुवारी २०२२ पासून आपल्या कर्मचाऱ्यांची पूर्ण उपस्थिती पुन्हा लागू केली. अमेरिकेत २० जानेवारी २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी संघराज्य सरकारच्या कर्मचाऱ्यांना पूर्णवेळ कार्यालयात परतवण्याचा आदेश काढला. या दोन्ही ठिकाणी कर्मचाऱ्याने घरून कार्यालयात यायचे होते. महाड-पोलादपूरमध्ये अपेक्षा अधिक आहे. कर्मचाऱ्याने कार्यालयात येऊन भागत नाही, त्याचे घरही कामाच्या गावात हवे.

त्याच वेळी तलाठी आणि ग्रामसेवक यांची पदे बदलत आहेत. २०२४ मध्ये त्यांची नावे अनुक्रमे ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामपंचायत अधिकारी झाली. सातबारा २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून पिकाची नोंद करू लागला. उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहण्याचे दिवस बऱ्याच अंशी सरले. २०२५ मध्ये महसूल विभागाने चेहरा ओळखणाऱ्या आणि ठिकाण नोंदवणाऱ्या अ‍ॅपवरून हजेरीचा आग्रह धरला. अशी हजेरी माणूस दिवसा कोठे होता हे सांगते, तो रात्री गावात राहिला का हे सांगत नाही. कोकणातील बहुतेक दरडी मात्र मुसळधार पावसाच्या दिवसांत, रस्ते बंद असताना कोसळतात.

याचा अनुभव महाड-पोलादपूरने दोनदा घेतला आहे. २५ आणि २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन आणि कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात असताना तळिये गावावर डोंगर खचला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही बळी गेले. पाण्याने वाटा अडवल्यामुळे मोठी बचाव पथके तळियेत दुसऱ्या दिवशी पोहोचली. तोवर जे काही झाले ते गावकऱ्यांनी आणि आसपासच्या लोकांनी केले. अशा काळात डोंगराला भेगा दिसताच वरिष्ठांना कळवणारा, घरे रिकामी करवून घेणारा, शाळा उघडून निवारा देणारा आणि नंतर पंचनाम्यात एकही घर सुटू न देणारा कर्मचारी गावातच असावा लागतो.

कर्मचाऱ्यांच्या अडचणीही तितक्याच खऱ्या आहेत. रिकाम्या पदांमुळे एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा कार्यभार असतो, मग त्याचे मुख्यालय कोणते मानायचे? २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ पदांसाठी राज्यभर भरती झाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. म्हणजे इच्छुकांची वाण नव्हती, पदे वेळेवर भरली जात नव्हती. गावातली बरीच घरे मुंबईकर चाकरमान्यांची असतात आणि ती गणपती-शिमग्यापुरतीच उघडतात. तरीही बाहेरच्या कुटुंबाला भाड्याने मिळतील अशा खोल्या कमी असतात. मुलांच्या शाळेसाठी आणि आजारपणासाठी कर्मचारी महाड किंवा पोलादपूरला बिऱ्हाड करतात. रस्ते सुधारले तशी ये-जाही सोपी झाली. भोगाव ते खवटी हा जवळपास दोन किलोमीटरचा कशेडी बोगदा सप्टेंबर २०२३ मध्ये गणेशोत्सवासाठी एका बाजूने खुला झाला. त्यामुळे वळणावळणाच्या कशेडी घाटातील पाऊण तासाचा प्रवास काही मिनिटांवर आला. बोगदा महामार्गावरच्या माणसाला जवळ आणतो, पण महामार्गापासून वाडीपर्यंतची पायवाट पावसात जशी होती तशीच राहते.

म्हणून ही अट रद्द करणे चूक ठरेल आणि ती सरसकट लादूनही काम होणार नाही. तिच्यासाठी आधी तीन गोष्टी हव्यात: प्रत्येक सजेला आणि उपकेंद्राला राहण्याजोगे निवासस्थान, एका माणसाकडे एकच सजा, आणि दुर्गम जागी ठरावीक वर्षे राहिल्यानंतर सोयीच्या ठिकाणी बदलीची खात्री. निवासस्थान देऊनही जो राहत नाही, त्याचा भत्ता थांबवणे न्याय्य आहे. ते न देता भत्ता थांबवला, तर कागदावरचे खोटे पत्ते तेवढे वाढतील. दरडप्रवण गावांसाठी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मुक्कामाची पाळी ठरवली आणि त्या काळाचा वेगळा भत्ता दिला, तर उरलेल्या महिन्यांत कर्मचाऱ्याच्या कुटुंबाचीही ओढाताण होणार नाही. हजेरीचा हिशेब गावाला गरज असेल त्या वेळी माणूस तेथे होता का, यावर मांडला पाहिजे. त्यासाठी पंचनामा किती दिवसांत झाला, सूचना किती तास आधी पोहोचली आणि उपकेंद्र रात्री उघडे होते का, एवढ्या नोंदी ग्रामसभेपुढे ठेवल्या तरी पुरेसे आहे.