चारशे पासष्टचे काडतूस

आपल्या ग्वाल्हेरच्या जुन्या वाड्यांतून दिवाणखान्यात वाघाचे मुंडके असले, की आतल्या कपाटात एखादी दुनळी विलायती रायफल असावयाचीच. मुंडक्याला कसर लागून ते कधीच माळ्यावर गेले. रायफल मात्र दसऱ्याला तेलपाणी करून, हळदकुंकू वाहून पुन्हा जागेवर ठेवली जाते. तिच्या नळीवर बारीक अक्षरांत जो आकडा कोरलेला असतो, तो घरातील फार थोड्यांनी वाचलेला असतो. अशा आकड्यांत क्वचित ‘५००/४६५’ हा आकडा सापडतो. त्याविषयी आज लिहावयाचे, कारण २०१९ च्या कायद्याने परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारे ठेवण्याची मर्यादा आली, तेव्हा कित्येक घरांत ‘तिसरे कोणते द्यावे’ असा प्रश्न उभा राहिला. माझ्या ओळखीच्या एका घराने ‘हिची काडतुसेच मिळत नाहीत’ एवढ्या एका कारणावरून नेमकी चारशे पासष्टची देऊन टाकली आणि तीनशे पंधराची ठेवली. ती निवड मला पटली नाही.

गवयाच्या मुलाने बंदुकीवर बोलावे याचे काही वाचकांना हसू येईल. माझे वडील दरबारच्या अखेरच्या वर्षांत तरुण गवई म्हणून नोकरीस होते. शिकारीच्या तळावर रात्री गाणे होई, म्हणून गवईही बरोबर जात. दिवसा त्यांना काम नसे. ते तंबूत बसून दूरचे बार ऐकत आणि दोन बारांमधील अंतरावरून वाघ पडला की जखमी होऊन निसटला, याचा अंदाज बांधीत. बंदुकीच्या गोष्टी मला रागदारीबरोबरच मिळाल्या, त्या अशा.

आता आकड्याचा अर्थ. हे आकडे इंचाच्या हजाराव्या हिश्शांचे. अर्ध्या इंचाच्या, म्हणजे ५०० च्या, लांब पितळी काडतुसाचे तोंड आवळून त्यात ४६५ ची गोळी बसविली, म्हणून ५००/४६५. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने हे काडतूस १९०७ मध्ये काढले, आणि ते काढण्याचे कारण विलायतेत नव्हे, हिंदुस्थानात घडले. तोपर्यंत मोठ्या शिकारीला रिग्बीने १८९८ मध्ये काढलेले ४५० चे काडतूस सर्वमान्य होते. परंतु फौजेच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही ४५० च्याच. त्या सरहद्दीवर व इतरत्र नको त्या हातांत पोचलेल्या. त्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून सरकारने १९०७ मध्ये हिंदुस्थानात ४५० च्या रायफली व काडतुसे आणण्यास बंदी केली. सुदानातही तशीच बंदी झाली. बंदुकवाल्यांनी काय करावे? प्रत्येकाने ४५० ला चुकवून शेजारचा आकडा गाठला. ४७०, ४७५, ४७६ आणि आपले ४६५ ही सारी त्या एका हुकमाची लेकरे.

कामाच्या दृष्टीने पाहिले तर फरक काहीच नव्हता. ४५० ची गोळी ४८० ग्रेनची, सेकंदाला २,१५० फूट धावणारी. ४६५ चीही ४८० ग्रेनची आणि धावही तीच. आपल्या मापाने ही गोळी पावणेतीन तोळ्यांना किंचित कमी भरते. गव्याच्या किंवा हत्तीच्या अंगावर तिचा जो घाव बसे, तो जुन्या रायफलीचाच.

पण एक गुण नव्याने आला आणि तो आपल्याकडच्या उन्हाळ्याला धार्जिणा होता. पितळ ऐसपैस असल्यामुळे तीच धाव कमी दाबावर मिळू लागली. ४५० मध्ये नळीतील दाब चौरस इंचाला सुमारे १७ टन धरीत. ४६५ मध्ये तो सुमारे १४ टन. कॉर्डाइट नावाची त्या वेळची दारू उष्णतेने चवताळते. वाघाची शिकार असे ती पाणी आटल्यावर, वैशाख-ज्येष्ठात. शिवपुरीकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढलेला, रायफल मचाणावर उन्हात तापलेली. अशा वेळी दाब वाढला की उडालेले पितळ फुगून नळीच्या बुडात घट्ट बसते, बाहेर निघत नाही, आणि समोर जखमी जनावर असताना हाती नुसता दांडका राहतो. दाब मुळातच कमी असला की ही भीती पुष्कळ ओसरते. कागदावर हा गुण क्षुल्लक दिसेल. ज्याला वाघाच्या मागे झुडपांत शिरावे लागे त्याला तो क्षुल्लक वाटत नसे.

दोषही सांगितले पाहिजेत. वाघाला एवढे काडतूस लागत नाही. वाघाची कातडी मऊ, हाडे हत्तीसारखी नव्हेत. सबंध कवचाची घन गोळी घातली तर ती वाघातून आरपार जाऊन पलीकडच्या हाकाऱ्यांनाच धोका. म्हणून वाघाला मऊ टोकाचीच गोळी घालावी लागे. जिम कॉर्बेटने नरभक्षकांच्या मागे वापरलेल्या रायफली २७५ ची आणि ४५०/४०० ची, दोन्ही ४६५ पेक्षा हलक्या. पुढे १९१२ मध्ये हॉलंडनेच ३७५ मॅग्नम काढले. आपल्या जंगलातील बहुतेक कामांना ते पुरेसे होते. त्यात ४६५ ची रायफल साडेदहा पौंडांच्या आसपास वजनाची आणि खांद्याला बसणारा धक्का ३०३ च्या तिपटीहून अधिक. संस्थानिकांनी आणि बड्या सरदारांनी ती घेतली ती पुष्कळ अंशी ऐट म्हणून, असे माझे मत आहे.

खरा दोष मात्र दारूचा किंवा गोळीचा नव्हे. हॉलंडने हे काडतूस बहुतांशी आपल्या रायफलींपुरते राखून ठेवले. जोसेफ लँगच्या ४७० चे तसे झाले नाही. ते सर्वांना खुले राहिले, दहा कारागिरांनी त्याच्या रायफली बांधल्या आणि गावोगावच्या दुकानांत त्याची काडतुसे मिळू लागली. गोळी थोडी जड, ५०० ग्रेनची. बाकी दोघांत निवडावे असे अंतर नाही. तरीही ४७० च्या नव्या रायफली आज जर्मनीतही बनतात आणि ४६५ चे नाव निघाले की काडतूस शोधत फिरावे लागते. आम्हा ग्वाल्हेरकरांना हे नवे नाही. बडे महंमदखाँ आपली तान कोणास देईनात, तेव्हा हद्दूखाँ-हस्सूखाँनी ती पडद्याआड बसून ऐकली, ही कथा येथील पोरासोरांस ठाऊक आहे. त्याच ग्वाल्हेरची गायकी विष्णु दिगंबरांनी १९०१ मध्ये लाहोरास विद्यालय काढून चारचौघांत नेली, म्हणून ती आज जेथे तेथे ऐकू येते. राखून ठेवलेल्या चिजेचे आयुष्य राखणाऱ्याइतकेच. किनॉक कंपनीने १९६० च्या दशकात मोठ्या काडतुसांचे काम आटोपते घेतले, तेव्हा ४६५ ची सर्वांत आधी पंचाईत झाली. पुढे १९९० च्या दशकात किनॉकच्या नावाने ही काडतुसे इंग्लंडात पुन्हा भरली जाऊ लागली खरी, पण ती आपल्या येथील परवानेदारापर्यंत पोचणे सोपे नाही.

यावर कोणी सुचवितात, नळ्या पोखरून ४७० च्या करून घ्याव्यात. कृपा करून हे करू नये. दुनळी रायफलीच्या दोन नळ्या समांतर नसतात. पुढे किंचित एकवटलेल्या असतात. उजवी नळी उडाली की धक्क्याने रायफल उजवीकडे वळते, डावी उडाली की डावीकडे. हे वळण हिशेबात धरून कारागीर नळ्यांमधील पाचर सरकवीत, डाग तापवीत, पुन्हा पुन्हा बार काढून दोन्ही गोळ्या एका जागी आणतो. तंबोऱ्याची जोडी मिळवावी तसे हे काम आहे, आणि ते एकाच दारूवर व एकाच वजनाच्या गोळीवर मिळविलेले असते. भरणी मंद झाली तर गोळ्या एकमेकींपासून फाकतात, तेज झाली तर एकमेकींना ओलांडतात. गोळी बदलली की जोडी उतरली. पोखरलेली रायफल ना ४६५ ची राहते, ना धड ४७० ची होते.

शिकार तर १९७२ च्या कायद्याने संपलीच. शिवपुरीचे माधव उद्यान २०२५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाले. तेथे २०२३ पासून वाघ पुन्हा आणून सोडले आहेत आणि ते तेथेच असावेत. मग उपयोगाचा हिशेब करून तीनशे पंधराची ठेवणे, जिची काडतुसे आपल्या कारखान्यांत निघतात, याला काय अर्थ? उपयोग दोहोंचाही नाही. ठेवावयाची तर १९०७ च्या त्या हुकमाची निशाणी ठेवावी.

ज्यांच्याकडे ती अजून आहे, त्यांना दोनच गोष्टी सांगतो. डब्यात राहिलेली जुनी काडतुसे उडवून पाहू नयेत. पितळाला चिरा गेलेल्या असतात, टोपी उशिरा पेटते, आणि ‘फुसके निघाले’ म्हणून रायफल उघडावी तोच बार होतो. आणि परवान्याच्या कागदांबरोबर रायफलीचा क्रमांक नीट उतरवून ठेवावा. नळ्या उघडून त्यांच्या बुडाची सपाट बाजू पाहिली, की तेथे परीक्षेच्या शिक्क्यांशेजारी कॉर्डाइटचे वजन आणि गोळीचे ४८० ग्रेन कोरलेले दिसतील. तेही लिहून घ्यावे.