फारकतीचं दुःखही दुःखच असतं



वस्तीत कुणाचा नवरा वारला की आपण सगळे धावून जातो. पिठलं-भाकरी पोचवतो, चार दिवस जवळ बसतो. पण लेक फारकत होऊन माहेरी आली, की कुणी दार वाजवत नाही. नळावर कुजबुज तेवढी सुरू होते. खरं तर तिचाही संसार गेलेला असतो.

मी नर्स होते तेव्हा अशा बायका दवाखान्यात यायच्या. डोकं दुखतं, छातीत धडधडतं, झोप नाही, जेवण जात नाही. आम्ही बीपी बघून गोळ्या द्यायचो. घरी काय झालंय, हे विचारत नव्हतो. तेच आधी विचारायला हवं होतं.

मनातलं दुःख अंगावर निघतं. संसार मोडल्यावर रडू येणं, राग येणं, कधी सुटल्यासारखं वाटणं, हे सगळं होतंच. त्यासाठी स्वतःला दोष देऊ नका. पुरुषांनाही हे दुःख होतं. ते रडत नाहीत, दारूकडे वळतात. मात्र दोन आठवडे रोज उदास वाटत असेल, झोप-भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नका. अशा माणसाला एकटं सोडू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रंदिवस चालू असतो. तिथं मराठीत, फुकट बोलता येतं.

काळजीचं दुसरं कारण कागद. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या सोडचिठ्ठीवर विसंबू नका. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, म्हणून घटस्फोट कोर्टातूनच घ्या. पोटगीही मागता येते. उत्पन्न कितीही असो, बाईला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यांचा नंबर १५१००. पोटगीचा, खोलीच्या भाड्याचा मार्ग दिसू लागला की झोपही परत येते, हे मी पाहिलंय.

किसा गोतमीची गोष्ट आपण विहारात ऐकतो. मेलेलं लेकरू कवटाळून आलेल्या त्या आईला भगवान बुद्धांनी मोहरी आणायला पाठवलं, जिथं कुणी मेलं नाही अशा घरातून. ती दारोदार गेली. प्रत्येक दारात कुणीतरी आपलं दुःख तिला सांगितलं. ते ऐकता ऐकता ती सावरली. आपल्या वस्तीत मात्र फारकत झालेल्या बाईला दार उघडत नाही, मग ती सावरणार कशी?

सावरणं म्हणजे विसरणं नव्हे. रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली. काम थांबलं नाही. आणि १९४० साली आलेला पाकिस्तानवरचा ग्रंथ त्यांनी रमाईंच्याच स्मृतीस अर्पण केला. आठवणही राहिली, पाऊलही पुढं पडलं.

तुमच्या गल्लीतही अशी एखादी ताई असेल. का सोडलं, कुणाचं चुकलं, हे विचारू नका. जेवलीस का, झोप लागते का, एवढंच विचारा. आणि येत्या रविवारी वंदनेला जाताना तिला हाक मारा.