श्रद्धा आणि शंका : पालकांस व विद्यार्थ्यांस चार शब्द

प्रतिवर्षीं शाळेंत नवीन विद्यार्थी दाखल होतात, तेव्हां त्यांच्यासमवेत कांहीं प्रश्नही शाळेच्या आवारांत पाऊल टाकतात. कोणी पालक ते धीटपणें विचारतात. बहुतेक मात्र भिडेस्तव मनांतच ठेवतात. मिशनच्या शाळेंत घातलेलें मूल बाटेल काय? ख्रिस्ती धर्म हा साहेबांचा धर्म नव्हे काय? विद्यार्थ्यांचे प्रश्न यांहून निराळे असतात. ख्रिस्ती लोक तीन देव मानतात काय? विज्ञानाच्या तासाला शिकलेलें खरें, कीं पवित्र शास्त्रांत वाचलेलें खरें? आणि ख्रिस्ती घरांतील मुलें तर कधीं कधीं अगदीं हळू आवाजांत विचारतात कीं, आमच्या मनांत शंका येतात, हें पाप आहे काय?

या प्रश्नांस यथामति उत्तरें देण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे. कोणाचें मन वळवावें हा हेतु नाहीं. आमचें म्हणणें थोडक्यांत इतकेंच कीं, श्रद्धा ही सक्तीनें, लालचीनें किंवा प्रश्न दडपून कोणाच्याही अंतःकरणांत उत्पन्न करतां येत नाहीं. आणि ज्या श्रद्धेस प्रश्नांचें भय वाटतें, ती ख्रिस्तानें शिकविलेली श्रद्धा नव्हे.

पहिला प्रश्न पालकांचा. मूल बाटेल काय, ही भीति निराधार आहे असें म्हणून आम्ही तिची थट्टा करणार नाहीं. कारण तिला इतिहास आहे. मुंबईंत १८४३ सालीं नारायण शेषाद्रि या तरुणानें बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत हा अल्पवयी असून तोही मिशनऱ्यांकडे राहावयास गेला. वडिलांनीं न्यायालयांत दाद मागितली आणि न्यायालयानें मुलगा त्यांच्या स्वाधीन केला. पुढें त्यास जातींत परत घ्यावें कीं नाहीं यावरून मोठें वादळ उठलें. तेव्हां ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनीं, प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावें, हा पक्ष धैर्यानें उचलून धरला. यानंतर पन्नास वर्षांनीं, १८९३ सालीं, पुण्यास पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनांतील कांहीं मुलींस ख्रिस्ती धर्माची ओढ लागली आहे असें समजतांच अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनींही संस्थेच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला. ज्यांच्या घरांत असा वियोग घडला, त्यांचें दुःख खोटें नव्हतें.

आज यासंबंधीं कायदा काय सांगतो, हें प्रत्येक पालकानें जाणून घ्यावें. २६ जानेवारी १९५० पासून अंमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेचें अठ्ठाविसावें कलम असें आहे कीं, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत कोणाही विद्यार्थ्यास, त्याच्या संमतीवांचून, आणि तो वयांत आलेला नसल्यास पालकांच्या संमतीवांचून, धार्मिक शिक्षण घेण्यास किंवा उपासनेस हजर राहण्यास भाग पाडतां येत नाहीं. पंचविसाव्या कलमानें प्रत्येकास आपला धर्म पाळण्याचें व त्याचा प्रसार करण्याचें स्वातंत्र्य दिलें आहे खरें. परंतु प्रसार करणें म्हणजे आपल्या धर्माचीं तत्त्वें समजावून सांगणें, दुसऱ्याचें धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७७ सालीं स्पष्ट केलें आहे. तेव्हां ज्या पालकांस आपलें मूल प्रार्थनेस बसूं नये असें वाटत असेल, त्यांनीं मुख्याध्यापकांस तसें लिहून कळवावें. त्यामुळें मुलावर रोष होईल अशी भीति बाळगूं नये.

पण कायद्याच्या धाकानें वागणें हें कांहीं मोठें पुण्य नव्हे. खुद्द ख्रिस्ताचें वर्तन कसें होतें? एक श्रीमंत तरुण त्याच्याकडे आला व सार्वकालिक जीवनाचा मार्ग विचारूं लागला. उत्तर ऐकून तो खिन्न झाला आणि निघून गेला. ख्रिस्ताची त्याच्यावर प्रीति होती असें शुभवर्तमानकार मुद्दाम सांगतो. तरी ख्रिस्तानें त्यास हात धरून मागें ओढलें नाहीं. दुसऱ्या एके प्रसंगीं त्यानें दहा कुष्ठरोग्यांस बरें केलें. आभार मानावयास त्यांतील एकच परत आला. उरलेल्या नऊ जणांचें आरोग्य काढून घेतलें असें शास्त्रांत कोठेंही लिहिलेलें नाहीं. यावरून आम्ही असा बोध घेतों कीं, शाळेंतील विद्या, दवाखान्यांतील औषध किंवा गरिबास दिलेली फीमाफी हें दान आहे. ती कोणाच्या श्रद्धेची किंमत नव्हे. वयांत न आलेल्या मुलास आईबापांच्या संमतीवांचून बाप्तिस्मा देणें हा आम्ही विश्वासघात समजतों.

दुसरा प्रश्न, हा धर्म साहेबांचा काय? वस्तुतः ख्रिस्ताचा जन्म आशिया खंडांत, बेथलेहेम गांवीं झाला. तो अरामी भाषा बोलत असे. इंग्लंड देश त्यानें पाहिलाही नव्हता. त्याचा शिष्य थोमा हा इसवी सन ५२ मध्यें मलबारच्या किनाऱ्यास उतरला, अशी केरळांतील ख्रिस्ती लोकांची परंपरा आहे. ही परंपरा बाजूस ठेविली तरी लेखी पुरावा आहेच. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें लिहून ठेविलें आहे कीं, हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील ‘कलियाना’ या गांवीं ख्रिस्ती लोक असून त्यांचा बिशप इराणांतून नेमला जातो. हें गांव म्हणजे आपल्या ठाणें जिल्ह्यांतील कल्याण, असें अनेक विद्वानांचें मत आहे. इंग्रजांच्या पूर्वजांस ख्रिस्ताचें नांव सांगावयास रोमहून ऑगस्टीन हा साधु इंग्लंडांत उतरला तें साल ५९७. म्हणजे कॉस्मसनें हें लिहिलें तेव्हां ऑगस्टीन इंग्लंडास पोंचावयाचा होता! केरळांत कोल्लम येथील ख्रिस्ती मंडळीस मिळालेले नवव्या शतकांतील ताम्रपटही प्रसिद्ध आहेत.

तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आमच्याच शेजारीं, गोव्यांत, पोर्तुगीज अमलाखालीं १५६० सालीं इन्क्विझिशनचें न्यायासन स्थापन झालें व मध्यंतरींचीं थोडीं वर्षें सोडल्यास तें १८१२ पर्यंत चाललें. राजसत्तेच्या जोरावर धर्म लादण्याचा जो प्रयत्न तेथें झाला, त्यानें लोकांस दुःख दिलें आणि ख्रिस्ताच्या नांवास काळिमा लाविला. सत्याच्या नांवाखालीं ख्रिस्ती लोकांनीं जी जबरदस्ती केली, तिजबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनीं मार्च २००० मध्यें रोम येथें जाहीरपणें देवाजवळ क्षमा मागितली. असल्या गोष्टी झांकून ठेवून धर्माची प्रतिष्ठा वाढत नाहीं.

ख्रिस्ती झाल्यानें मराठीपण सुटतें काय, असेंही विचारतात. याचें उत्तर मराठी भाषेनेंच दिलें आहे. मूळचा इंग्रज असलेला फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यास आला, येथील भाषा शिकला, आणि त्याचें ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं बाप्तिस्मा घेतला. परंतु अभंगाची व कीर्तनाची गोडी त्यांनीं सोडली नाहीं, उलट ती ख्रिस्ताच्या चरणीं वाहिली. लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ काढून टाकलें तर मराठी आत्मचरित्राचें दालन किती रितें होईल! आणि त्याच पुस्तकांत, पतीच्या धर्मांतरानें त्यांच्या मनास किती यातना झाल्या, हेंही त्यांनीं लपविलेलें नाहीं. पतीचा मार्ग त्यांनीं लगेच धरला नाहीं. पांच वर्षांनीं, १९०० सालीं, स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावरच धरला.

तिसरा प्रश्न तीन देवांचा. ख्रिस्ती मनुष्य एकच देव मानतो. ही शिकवण त्यास यहुदी लोकांकडून मिळाली व ख्रिस्तानें ती कायम ठेविली. पिता, पुत्र व पवित्र आत्मा हे तीन देव नव्हत. एकाच देवाचें हें अंतरंग आहे, असें ख्रिस्ती मंडळी मानते. इ. स. ३२५ सालीं नायसिया येथें भरलेल्या धर्मसभेनें पुत्र हा पित्याशीं एकतत्त्व आहे असें ठरविलें. ‘पुत्र’ हा शब्द मनुष्याच्या जन्माप्रमाणें घ्यावयाचा नाहीं. एकच स्त्री कोणाची आई, कोणाची बहीण व कोणाची कन्या असते, हा दृष्टांत पुष्कळदां देतात. परंतु तो अपुरा आहे, कारण तेथें एकाच व्यक्तीस तीन नातीं आहेत इतकेंच. ख्रिस्ती शिकवणीचें मर्म निराळें आहे. देव हा प्रीति आहे असें शास्त्र सांगतें. आणि प्रीतीस प्रीति करावयास कोणी तरी लागतें. जग नव्हतें तेव्हांही देवाच्या ठायीं प्रीति देणें व घेणें होतें, असा या सिद्धांताचा आशय आहे. हा विषय गणिताच्या सिद्धतेप्रमाणें फळ्यावर सोडवितां येत नाहीं. परंतु न कळणारा भाग राहिला म्हणजे सगळेंच असमंजस ठरतें, असेंही नाहीं.

चौथा प्रश्न विज्ञानाचा. गॅलिलिओस १६३३ सालीं रोममधील धर्माधिकाऱ्यांनीं शिक्षा केली, ही गोष्ट खरी आहे; ती चूक होती असें त्याच मंडळीच्या प्रमुखांनीं १९९२ सालीं मान्य केलें. पण चित्राची दुसरी बाजूही पाहावी. वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा मेंडेल हा मठांत राहणारा साधु होता. विश्व प्रसरण पावत आहे असें १९२७ सालीं गणितानें मांडणारा लमेत्र हा बेल्जियममधील पाद्री होता. पृथ्वीचें वय सुमारें साडेचारशें कोटी वर्षें आहे, हें शिकतांना ख्रिस्ती विद्यार्थ्यानें बिचकण्याचें कारण नाहीं. उत्पत्तीच्या पुस्तकांतील सहा दिवसांचा अर्थ ख्रिस्ती विद्वान एकाच प्रकारें लावीत नाहींत. सृष्टि कशी घडत गेली हें विज्ञान शोधतें. ती कोणाची व आपण तींत कसें वागावें हें धर्म सांगतो. उत्तरपत्रिकेंत विज्ञान नीट लिहावें व उपासनेंत मन लावून बसावें; यांत ढोंग नाहीं.

पांचवा प्रश्न सर्वांत कठीण. देव दयाळु आहे, तर दुःख कां? आजारी आईसाठीं केलेली प्रार्थना व्यर्थ कां जाते? ज्या मुलानें हें सोसलें आहे, त्यास तत्त्वज्ञान सांगूं नये, त्याच्याजवळ बसावें. शास्त्रांत ईयोब नांवाच्या नीतिमान पुरुषाची कथा आहे. तुझ्या पापाचें हें फळ, असें त्याचे मित्र त्यास सांगतात. आणि देव त्या मित्रांसच दोष देतो, ओरडून जाब विचारणाऱ्या ईयोबास नव्हे. खुद्द ख्रिस्तानें मरणाच्या आदल्या रात्रीं, हें दुःख टळावें म्हणून प्रार्थना केली. तें टळलें नाहीं. पंडिता रमाबाईंचे आईबाप व बहीण दुष्काळांत गेलीं; पुढें भाऊ गेला, पति गेले, आणि अखेरीस १९२१ सालीं एकुलती एक कन्या मनोरमा गेली. ख्रिस्ती झाल्यानें त्यांचें एकही दुःख टळलें नाहीं. परंतु ज्यांनीं दुष्काळ भोगला होता, त्यांनींच १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांत फिरून शेंकडों निराधार मुलींस आश्रय दिला. श्रद्धा ही दुःखाविरुद्ध विमा नव्हे. दुःखांत सोबत व सोसण्याचें बळ आहे, इतकेंच आम्ही सांगूं शकतों.

आतां शेवटचा प्रश्न, हळू आवाजांत विचारलेला. शंका हें पाप आहे काय? ज्या थोमाचें नांव भारतांतील जुन्या ख्रिस्ती लोकांनीं धारण केलें, तोच शिष्य म्हणाला होता कीं, जखमांच्या खुणा स्वतः पाहिल्याखेरीज प्रभु उठला यावर मी विश्वास ठेवणार नाहीं. त्यास कोणी मंडळींतून घालविलें नाहीं. आठ दिवसांनीं ख्रिस्त आला, त्यास रागें न भरतां आपल्या जखमा त्यानें दाखविल्या. रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही जें पटलें नाहीं तें आपल्या गुरुजनांस पत्रांतून त्यांनीं सडेतोड लिहिलें आणि आपल्या विवेकबुद्धीवर कोणाचा ताबा चालूं दिला नाहीं. त्याच रमाबाईंनीं पुढें मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबल मराठींत आणलें. विचारलेली शंका मनुष्यास अभ्यासाकडे नेते. दडपलेली शंका एक तर ढोंगाकडे नेते, नाहीं तर कडवटपणाकडे.

म्हणून विद्यार्थ्यांनो, प्रश्न विचारा. मात्र दुसऱ्याच्या देवाची टवाळी करूं नका. आईबापांपासून लपवून धर्माच्या बाबतींत कोणतेंही पाऊल टाकूं नका. जें सत्य आहे, तें तुम्ही वयांत येईपर्यंत थांबूं शकतें. आणि पालकहो, मुलानें घरीं येऊन आज शाळेंत ऐकलेलें कांहीं सांगितलें किंवा विचारलें, तर त्यास दटावूं नका. तुम्हीं ऐकून घेतलें, तर तें पुढेंही तुम्हांसच विचारील. आमच्याकडे आलेल्या प्रश्नास आम्ही ठाऊक असेल तें उत्तर देऊं. ठाऊक नसेल तेथें तसें सांगूं. शाळा व घर यांच्यामध्यें असा मोकळेपणा राहिला, तर मूल कोणत्याही धर्माचें असो, तें खोटें बोलावयास शिकणार नाहीं. इत्यलम्.