पदराची गाठ

लखनौच्या मानक नगरात बदली होऊन आलो तेव्हा, माझ्यासारख्या विसरभोळ्या माणसाला योग्य जागी पाठविल्याबद्दल मी सरकारचे मनोमन आभार मानले. १९५७ साली स्थापन झालेल्या, रेल्वेच्या अनुसंधान, अभिकल्प आणि मानक संघटनेचे हे ठाणे. शेजारीपाजारी सारे रेल्वेचे. आणि मनुष्य विसरणारच, हे रेल्वेने फार पूर्वीच मान्य करून टाकले आहे.

जुन्या सिग्नल-केबिनीत लिव्हरांची रांग असे. रुळावर गाडी उभी असली, की त्या रुळाचा सिग्नल देणाऱ्या लिव्हरवर केबिनमनने एक कडे अडकवावयाचे. पुढे विसरून हात गेलाच, तर कडे आड येई आणि त्याला आठवे, ‘अरे, तेथे गाडी आहे!’ आमची आजी पदराला मारी ती गाठ हीच. फक्त रेल्वेच्या मापाची. आता इंजिनात दक्षतायंत्र असते. चालकाने सुमारे मिनिटभर कशालाही हात लावला नाही, तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही त्याने दाद दिली नाही तर ब्रेक लागतात. २०२० साली राष्ट्रीय प्रणाली म्हणून स्वीकारलेले ‘कवच’ही लाल सिग्नलाबद्दल आधी चालकाला बजावते, तो ऐकत नाही असे दिसले, तरच स्वतः गाडी थांबवू लागते.

म्हणजे ही यंत्रे माणसाला चिमटा काढून जागे ठेवतात. माझ्या खिशातील हुशार फोन मात्र मला थोपटून निजवितो. दूरध्वनी क्रमांक, वाढदिवस, विजेचे बिल, सारी काळजी त्याची. चष्मा कोठे ठेवला एवढेच त्याला विचारता येत नाही. कारण तोही तेव्हा सापडत नसतो.

गेल्या थंडीत आई पुष्पक एक्सप्रेसने एकटीच यावयाची होती. बाबा गेल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रवास. मी स्थानकावर पोहोचलो आणि फोनने डोळे मिटले. डबा कोणता, आसन कोणते, सारे त्याच्या पोटात. एका सद्गृहस्थाने आपला फोन पुढे केला. आणि श्रोतेहो, मला आईचा क्रमांक आठवेना! आठवला तो साताऱ्याच्या जुन्या घराचा, मी शाळेत असतानाचा. तो फोन बंद होऊनही वीस वर्षे लोटली. लखनौच्या त्या धुक्यात मला घाम फुटला. फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीन फेऱ्या झाल्या.

आई एका खांबाशी बॅगेवर शांत बसली होती. हातात छोटीशी वही. तीत पाहून तिने शेजारच्या प्रवाशाकडून सुनेला फोनही लावून घेतला होता.

“तू हरवलास म्हणून कळवलं तिला,” ती म्हणाली.

तिच्या पदराला गाठ होती. कशाची, ते तिलाही आठवेना! मला केवढा धीर आला म्हणून सांगू! दिवसभर घरात त्या गाठीवर तर्क चालले. लोणच्याची बरणी झाली, नातीचे झबले झाले. रात्री जेवताना तिचा घास हातातच थांबला.

“हं, तुला विचारायचं होतं. बाबांची तिथी लक्षात आहे ना रे?”

माझा हात खिशाकडे गेला.

“त्यात नको बघूस,” ती म्हणाली.